पाठमोरा बँड

आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘तुमच्या अनुभवांबद्दल बोला.’ ऑर्केस्ट्रात मी ३६ वर्षं बेस गिटार वाजवली. एवढ्या वर्षांत पाहिलं काय, तर पाठी. शिवाजी मंदिर घ्या, ठाण्याचं गडकरी घ्या, पुण्याचं बालगंधर्व घ्या, बेसवाल्याची जागा ठरलेली. मागे, ड्रम्सच्या बाजूला. समोर लाइट, लाइटमध्ये गायक, आणि आपल्या वाट्याला त्यांची पाठ.

आमच्याकडे एक ताई गायच्या. अंतरा संपवून मुखड्यावर यायच्या आधी त्यांची उजवी टाच किंचित उचलली जायची. टाच दिसायची नाही, साडीचा मागचा काठ हलायचा. काठ हलला की समजायचं, बाई आता समेवर येणार. नाही हलला तर अजून एक फेरी. माझं बघून ड्रमर सावध व्हायचा. त्याला वाटायचं, मला फार मोठं तालाचं अंग आहे. मीही काही बोललो नाही.

पण आज मी माझ्यापेक्षा मिल्ट हिंटनबद्दल जास्त बोलणार आहे. मागे उभं राहून जे दिसतं त्याचे फोटो काढून ठेवणारा हा अमेरिकेतला जॅझ बेसवाला.

हिंटनचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गचा. लहानपणीच तो घरच्यांबरोबर शिकागोला आला आणि व्हायोलिन शिकू लागला. त्यात काही वेडेपणा नव्हता. मूकपटांचा जमाना, थिएटरात पडद्यासमोर अख्खा वाद्यवृंद बसायचा, व्हायोलिन येणाऱ्याला तिथे काम होतं. शिकागोच्या व्हेंडोम थिएटरातला अर्स्किन टेटचा वाद्यवृंद त्या काळी गाजलेला. त्यात पियानोवर टेडी वेदरफर्ड असायचा. हा वेदरफर्ड आपला पाहुणा बरं का! पुढे १९३०च्या दशकात तो मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. असो.

मग बोलपट आले आणि थिएटरातले वाद्यवृंद बंद पडले. काळ्या व्हायोलिनवाल्याला सिंफनीत कोण घेणार? पण नाचाच्या बँडला बेस लागायचाच. हिंटनने व्हायोलिन बाजूला ठेवलं आणि माणसाएवढा उंच डबल बेस उभा धरला. मला हे वाचताना आपल्याकडची नव्वदची वर्षं आठवली. चांगले कीबोर्ड आले, कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला आणि आयोजकाचं एक पाकीट वाचलं. मी दोन वर्षं घरी होतो. माझ्या हातात दुसरं वाद्य नव्हतं.

कॅब कॅलोवे म्हणजे तेव्हाचा गाजलेला गायक आणि बँडचा मालक. १९३६ मध्ये त्याचा बेसवाला कॅलिफोर्नियातच राहिला. शिकागोत गाडी थांबली तेव्हा कॅलोवेने हिंटनला उचललं, ते न्यूयॉर्कला पोचून चांगला माणूस मिळेपर्यंत. हिंटन राहिला १५ वर्षं.

त्याचा हात कसा पडायचा ते सांगतो. तेव्हा बेसला अॅम्प्लिफायर नव्हता. तारा म्हणजे तांत, आतड्याची, बोटाएवढी जाड वाटावी अशी. समोर हजार माणसं नाचतायत, पुढे डझनभर ट्रम्पेट-सॅक्सोफोन, आणि तुमची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ वेळा हलते. ऐकू येणार कसं? म्हणून तार नुसती छेडायची नाही, बोटाने बाहेर ओढून सोडायची. ती पट्टीवर आपटते, ‘टक्’ असा आवाज येतो. लगेच तळहाताची थाप. म्हणजे खर्जही तुमचा आणि ठेकाही तुमचा. याला स्लॅप म्हणतात. हिंटन एका ठोक्याच्या जागेत तीन-तीन आपट्या बसवायचा. मी एकदा एका मित्राच्या डबल बेसवर हे करायला गेलो. दहा मिनिटांत तर्जनीला फोड आला आणि घरी जेवताना वरणभात चमच्याने खावा लागला.

१९३५ मध्ये कुणी मित्राने त्याला वाढदिवसाला कॅमेरा दिला होता. तो घेऊन हा बँडबरोबर फिरला. कॅलोवेच्या बँडला प्रवासाला रेल्वेचा स्वतंत्र डबा असायचा. ऐकायला थाट वाटतो, पण दक्षिणेकडच्या गावांत काळ्या माणसांना हॉटेलं खोली देत नसत, तेव्हा झोपायचंही डब्यातच. हिंटनच्या फोटोंत डब्यात झोपलेले वादक आहेत, तोंड उघडं टाकून. ‘काळ्यांसाठी’ अशा पाट्यांखाली उभे असलेले त्याचे मित्र आहेत, कडक इस्त्रीचे सूट घातलेले.

१९४१ मध्ये हार्टफर्डला याच बँडमध्ये मारामारी झाली. चालू कार्यक्रमात कुणीतरी थुंकीने भिजवलेला कागदी बोळा फेकला. कॅलोवेला वाटलं बँडमधल्या तरुण ट्रम्पेटवाल्याने, डिझी गिलेस्पीने फेकला. विंगेत वाद वाढला, डिझीने चाकू काढला, कॅलोवे जखमी झाला, डिझीची नोकरी गेली. बोळा डिझीचा नव्हताच. हे हिंटन छातीठोकपणे सांगायचा, कारण तो तिथेच उभा होता. वार चुकवायला मधे हात घातला तोही आपणच, असं त्याचं म्हणणं.

पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत त्याने अफाट रेकॉर्डिंग केलं, आज एकाबरोबर, उद्या दुसऱ्याबरोबर. गळ्यात कॅमेरा होताच. १९५९ मध्ये जॅझ गायिका बिली हॉलिडेचं शेवटचं ध्वनिमुद्रण चाललेलं, बेसवर हा. टेक झाल्यावर ती स्वतःचाच आवाज ऐकत उभी आहे, तो क्षण त्याने टिपला. बाहेरचा फोटोग्राफर असता तर तिने चेहरा सावरला असता. बेसवाल्यासमोर कोण सावरतं?

२००० साली, नव्वदीत, तो गेला. मागे साठ हजारांच्या आसपास फोटो राहिले.

आता माझी एक गोष्ट आणि थांबतो. गणेशोत्सवातला कार्यक्रम, भर मंडपात माझ्या अॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. खर्ज एकदम गेला. ताई गात होत्या, अंतरा अर्ध्यावर होता. बारा वर्षं मी त्यांच्या मागे वाजवत होतो, गाताना त्यांनी कधी मान वळवली नव्हती. त्या दिवशी वळवली. मी वायर हातात घेऊन वाकलेलो, नोटेशन वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी स्टेज सोडून कुठेच चष्मा लावत नसे. गाणं कसंबसं संपलं, टाळ्याही पडल्या. विंगेत मला वाटलं आता बोलणी खायची.

ताई म्हणाल्या, ‘अहो, तुम्हाला चष्मा आहे?’