सिम्युलेटरला आधी उत्तर माहीत असलेलं गणित घाला

दहा हजार सर्व्हरांचं डेटा सेंटर प्रयोगासाठी कुणी आपल्याला मोकळं करून देत नाही. भाड्याच्या क्लाउडवर चाचणी घ्यावी, तर बिल येतंच, शिवाय तोच प्रयोग उद्या केला की आकडे वेगळे, कारण त्याच मशीनवर आणखी कुणाकुणाची कामं चालू असतात. म्हणून आपण क्लाउडसिमसारख्या सिम्युलेटरकडे, म्हणजे डेटा सेंटरची संगणकावर नक्कल करणाऱ्या साधनाकडे वळतो. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या प्रयोगशाळेत हे जावामध्ये तयार झालं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. यात खरं सॉफ्टवेअर चालतच नाही. काम म्हणजे एक आकडा, किती दशलक्ष सूचना. प्रोसेसर म्हणजेही आकडाच, सेकंदाला किती दशलक्ष सूचना. घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी घेतं, म्हणून दिवसभराचा कारभार थोडक्यात उरकतो.

आता हे वहीत मांडा. प्रोसेसरचा एक कोअर, वेग सेकंदाला १,००० दशलक्ष सूचना. कामं दोन, प्रत्येकी १०,००० दशलक्ष सूचनांचं, दोन्ही एकदमच आली. एकामागून एक चालवली तर पहिलं १० व्या सेकंदाला सुटतं, दुसरं २० व्या, सरासरी १५. कोअर दोघांत वाटून दिला तर दोन्ही २० व्या सेकंदाला सुटतात, सरासरी २०. मशीन तेच, काम तेवढंच! पहिली पद्धत स्पेस-शेअर्ड, दुसरी टाइम-शेअर्ड. ही निवड होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवर एकदा आणि त्यावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनच्या आत पुन्हा करावी लागते, आणि इथेच बरेच जण चुकतात. माझे विद्यार्थी स्वतःचा अल्गोरिदम घेऊन येतात, तेव्हा मी आधी त्यांच्याकडून हे १५ आणि २० काढून घेतो. ते जुळल्याशिवाय पुढच्या आलेखाकडे मी बघत नाही.

दुसरं गणित रांगेचं. एकसारखी कामं ठरावीक अंतराने आली, तर ८० टक्के भरलेल्या सर्व्हरवरही कुणी ताटकळत नाही. पण कामाचा आकार आणि येण्यातलं अंतर दोन्ही घातांकी वितरणाने, म्हणजे बहुतेक लहान पण अधूनमधून खूप मोठं असं, बदलू द्या. मग एका सर्व्हरच्या रांगेत, ८० टक्के भारावर सरासरी प्रतिसादवेळ (काम आल्यापासून पुरं होईपर्यंतचा वेळ) कामाच्या सरासरी वेळेच्या पाचपट होते, ९० टक्क्यांवर दहापट. सिम्युलेटरने हे आकडे दिले पाहिजेत, तेही सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, बदलून अनेकदा चालवल्यावर. एकाच धावेवर निष्कर्ष काढलेला मला अजिबात पटत नाही.

आणि भार कुठून आणायचा? क्लाउडसिमसोबत प्लॅनेटलॅब या संशोधनासाठीच्या संगणक-जाळ्यातल्या आभासी मशीनांच्या सीपीयू-वापराच्या नोंदी मिळतात, दर पाच मिनिटांनी घेतलेल्या. आभासी मशीनं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कधी हलवावीत, कोणते सर्व्हर बंद ठेवून वीज वाचवावी, अशा प्रश्नांना त्या चालतात. पण वीस सेकंदांची गर्दी दोन नोंदींच्या मधेच येऊन जाते, आणि वापरणारा माणूस खोळंबतो तो नेमका त्याच वीस सेकंदांत. प्रतिसादवेळ तपासायची असेल, तर प्रत्येक विनंती कधी आली हे टिपलेला लॉगच मिळवायला हवा.