हजेरी कुणाच्या वहीत?

(कामगार दिनी जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

भावांनो, बहिणींनो, इथे दालमिलवाले आहेत, चटईच्या कारखान्यांतले आहेत, मागे सावद्याकडची केळीच्या गाड्या भरणारी टोळीही दिसतेय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ कायदे जाऊन चार श्रमसंहिता आल्या. त्यांवर संघटनांचा राग आहे, आणि तो रास्त आहे. कारखान्यात तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कामगारकपातीला आता सरकारची परवानगी लागत नाही. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही मर्यादा शंभर होती. त्यावर पुन्हा कधीतरी. आज पगाराचा हिशेब करू.

समजा आठ तासांची मजुरी ५२० रुपये. म्हणजे तासाला ६५. जादा तासाचा दर दुप्पट, म्हणजे १३०. बारा तासांच्या पाळीत वरचे चार तास धरले तर त्यांचेच ५२० होतात. एकूण १,०४०. ठेकेदार हातावर ७५० टेकवतो आणि वर चहा पाजतो. तो चहा तुम्हाला २९० रुपयांना पडला!

नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना किलोवर पैसे मिळतात. काम किलोवर असलं तरी किमान वेतन लागू होतं. बाई म्हणून दर कमी, हेही चालत नाही. आणि तिकडूनच ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांना मुकादम उचल देतो. उचल फिटली नाही म्हणून माणूस अडवून ठेवणं ही वेठबिगारी आहे. १९७६ पासून तो गुन्हा आहे, मुकादम काहीही सांगो.

एवढं असून दावे का पडतात? हजेरी मुकादमाच्या वहीत असते, आणि वही त्याच्या खिशात. नव्या वेतन संहितेत एक कलम मात्र आपल्या बाजूचं आहे. पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले असा दावा केला, तर ते दिल्याचं मालकाने सिद्ध करायचं. पण तुम्ही तिथे कामाला होता, हे दाखवायची वेळ तुमच्यावर येतेच. म्हणून स्वतःची वही ठेवा. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, हाती आलेली रक्कम. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा, शाळेतून आली की लिहील. नेमणूकपत्र मागा, पगाराची स्लिप मागा. पैसे रोखीत देत असतील तर खात्यावर टाकायला सांगा. पासबुक खोटं बोलत नाही.

ठेकेदार पळाला तर ज्याच्या कारखान्यात राबलात त्या मालकाकडे मागायचं, ती जबाबदारी त्याच्यावर येते. दाव्याला मुदत तीन वर्षांची. अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणतील. आवक-जावकचा कारकून तर असतो ना? शिक्का त्याच्याकडेच असतो.

आता प्रश्न घेऊ. चटईवाल्यांनी आधी विचारा, तुमची रात्रपाळी आहे.