कुणाचा रे तू?

नमस्कार मंडळी.

गावाकडं एसटीतून उतरलं की पारावरचा एखादा म्हातारा डोळे बारीक करून विचारतो, "कुणाचा रं तू?" ग्रीसच्या खेड्यातही हाच प्रश्न आहे. "तीनोस ईसे?" अर्थ अगदी तोच, कुणाचा तू? शिकागोत नाहीतर मेलबर्नमध्ये वाढलेली ग्रीक नातवंडं पूर्वजांचं घर शोधत येतात आणि या पहिल्याच प्रश्नाला अडतात. कारण ती आडनाव सांगतात.

आडनावावरून मुलूख कळतो, हे खरं. शेवटी 'आकिस' असलं तर घराणं बहुधा क्रीटचं, 'पुलोस' असलं तर बहुतेक पेलोपोनीजचं. सुरुवातीला 'हात्झी' असेल तर कुणी पूर्वज जेरुसलेमची यात्रा करून आलेला; आपल्या ओळखीचा 'हाजी' तो हाच. पण मुलूख कळला म्हणजे घर सापडलं असं नाही.

खरी पंचाईत आहे ती नावांची. रीत अशी, की थोरल्या मुलाला आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव. आता यॉर्गोस नावाच्या म्हाताऱ्याला चार मुलगे असले, तर चौघांचेही थोरले यॉर्गोस! गाव एक, आडनाव एक, वयात दोन-चार वर्षांचं अंतर. म्हणून तिथल्या सरकारी कागदावर बापाचं नाव हवंच. आपल्याला यात नवल वाटणार नाही, आपली तर त्याशिवाय सहीसुद्धा होत नाही.

पालिकेच्या दप्तरात पुरुषांची नोंदवही असते, 'मित्रोओ आरेनोन'. सैन्यभरतीसाठी ठेवलेली, जन्मसालाप्रमाणं लावलेली. तिच्यात मुली नाहीतच. पणजीचा माग काढायचा तर चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी धुंडाळायच्या.

तारखांचा घोळ वेगळाच. 1923 मध्ये ग्रीसनं पंचांग बदललं आणि 15 फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी 1 मार्च उजाडला. त्याआधीचा जन्म असेल तर तारीख कुठल्या पंचांगातली, हे आधी बघावं लागतं.

गावांचंही तसंच. तुर्कस्तानशी युद्ध हरल्यावर 1922 मध्ये उडालेल्या पळापळीत आणि पुढच्या वर्षीच्या लोझान करारात, म्हणजे दोन्ही देशांनी ठरवलेल्या लोकांच्या अदलाबदलीत, मिळून तुर्कस्तानातले सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. स्मिर्नाच्या, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या इझमीरच्या, निर्वासितांनी अथेन्सजवळ वसवलेली वस्ती म्हणजे नेआ स्मिर्नी, नवं स्मिर्ना. इकडे ग्रीसमधल्या हजारो गावांची जुनी स्लाव्ह आणि तुर्की नावं पुसली गेली, वोदेनाचं एदेसा झालं. आजोबांनी सांगितलेलं गाव आजच्या नकाशावर नसतं ते यामुळं.

आणि एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरात अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथल्या, कारकुनानं आमचं आडनाव बदललं, ही कथा घरोघरी ऐकू येते. मला ती पटत नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटायच्या बंदरातच भरलेल्या असत. पापादोपुलोसचा पापास झाला तो बहुधा नंतर, आपल्याच सोयीनं. त्या याद्या मात्र जरूर बघाव्यात; 1907 नंतरच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नावही सापडतं.

पण मंडळी, आजी हयात असेल तर आधी तिला विचारावं, आपल्या घराला गावात काय म्हणायचे? 'पारात्सुक्ली' म्हणतात त्याला, घराण्याचं टोपणनाव. कुणी लंगडा, कुणी कोल्हा. काफेनिओत, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात, आडनाव सांगितलंत तर म्हातारे खांदे उडवतील, अर्ध्या गावाचं तेच आडनाव. "कोल्ह्याचा नातू" म्हणा, त्यांतला एक उठून घर दाखवायला पुढं चालू लागेल.