आधी घरात कोण होतं?

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिका बघितलीत ना? काल ज्ञानेश्वरी झाली, उद्या अर्थसंकल्प आहे आणि या दोन्हींच्या मध्ये मी, ‘ऑनलाइन मीटिंगमधल्या फजिती’. विषयच मध्ये कडमडलेला आहे. ते बरंच झालं, कारण मला बोलायचंय तेही मध्ये कडमडण्याबद्दलच. कंपन्यांमध्ये ऑनलाइन प्रशिक्षण देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे लोकांची घरं चौकटीचौकटीतून बघायची मला सवय आहे.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला प्रसंग १० मार्च २०१७ चा. दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाने त्या दिवशी राष्ट्राध्यक्षा पार्क गुन-हे यांच्या बडतर्फीवर शिक्कामोर्तब केलं. बुसानमधल्या विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट केली घरच्या खोलीत बसून त्यावर बीबीसीला थेट मुलाखत देत होते. अंगात कोट, गळ्यात टाय, मागे भिंतीवर नकाशा. आणि दार उघडलं. पिवळ्या स्वेटरमधली चार वर्षांची लेक, दोन्ही हात झोकात हलवत, मांडवात वरमाय येते तशी आत आली. तिच्या मागून पांगुळगाड्यातला धाकटा घरंगळत आला. निवेदक म्हणतोय, तुमचं एक मूल आत आलंय वाटतं. केली मागे वळले नाहीत. कॅमेऱ्याकडे बघत बघत एका हाताने लेकीला मागे सारत राहिले. मग त्यांची बायको अक्षरशः घसरत आत आली, दोघांना खेचत बाहेर नेलं आणि गुडघ्यांवर परत येऊन दार ओढून घेतलं. नवऱ्याने डोळे मिटून माफी मागितली आणि पुन्हा कोरियाच्या राजकारणाकडे वळला.

सगळं जग हसलं. नंतर लोकांनी त्यांना विचारलं की तुम्ही उठला का नाहीत, खाली पँट नव्हती का? होती. जीन्स होती. हा खुलासा एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला जाहीरपणे करावा लागला! पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. मुलांना ओढून नेणारी ती कोरियन बाई म्हणजे घरातली आयाच असणार, असं कित्येक प्रेक्षकांनी परस्पर ठरवून टाकलं. तिच्याकडे मी परत येणार आहे.

तेव्हा एवढं हसू आलं, कारण असं घडणं दुर्मीळ होतं. तीन वर्षांनी ते रोजचं झालं. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ कोटी लोक मीटिंगला बसायचे. मार्च २०२० मध्ये तो आकडा २० कोटींवर गेला. आपल्याकडे २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि ऑफिस घरी आलं. कुठल्या घरी? २०११ च्या जनगणनेत देशातली ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. त्यातल्या सगळ्यांकडे लॅपटॉप नव्हता, कबूल. पण वन रूम किचनमध्ये राहणारा, कॉल सेंटरला जाणारा मुलगा तुमच्याआमच्या ओळखीचा आहेच की. आणि टू बीएचकेवाल्यांना तरी कुठे स्वतंत्र खोली होती? एका खोलीत आजोबांची टीव्हीवरची बातमीपत्रं, दुसरीत धाकटीची शाळा. मग उरते ती स्वयंपाकघराला लागून असलेली एकमेव मोकळी भिंत, जिच्यावर वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत. तिच्यापुढे शिलाई मशीन, मशीनवर लॅपटॉप, खाली दोन जाडजूड पुस्तकं. दिवाळी अंकांचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

आपण म्हणतो, मीटिंगमध्ये घराने व्यत्यय आणला. माझं म्हणणं असं की तक्रार घराने करायला हवी. कुकर आधीपासून तिथे होता. आजी आधीपासून तिथे होत्या. ‘ए भंगाऽऽर’ म्हणणारा त्याच वेळेला त्याच गल्लीतून वर्षानुवर्षं जात होता. मीटिंग परवा आली आणि म्हणाली, सगळे गप्प बसा.

आता कुकरचंच बघू, कारण यात थोडं तंत्र आहे आणि ते समजलं की निम्मी लाज जाते. बहुतेक माइकमागे एक स्वयंचलित सोय असते. आवाज कमी आला की ती माइकची पातळी आपोआप वाढवते, म्हणजे हळू बोलणाराही ऐकू यावा. तुम्ही सभ्यपणे गप्प बसता तेव्हा ती कान टवकारते. अशा वेळी आतून शिट्टी झाली की ती आहे त्यापेक्षा मोठी होऊन पलीकडे पोचते. दुसरी सोय गोंगाट गाळण्याची. पंख्याची घरघर तिला पटकन ओळखता येते, कारण ती एकसारखी असते. शिट्टी अचानक येते, तिथे ती गडबडते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मागून येणारा दुसऱ्या माणसाचा आवाज. यंत्राला माणसाचाच आवाज जपायला सांगितलाय, त्यातला सासूबाईंचा कुठला आणि तुमचा कुठला हे त्याला कसं कळणार? तिसरी करामत सगळ्यात क्रूर. ज्याचा आवाज येतो त्याची चौकट मोठी होते. म्हणजे शिट्टी कुकरची आणि पडदाभर चेहरा तुमचा!

आमच्या परिचयातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला. रोज संध्याकाळी परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल, त्यात उरलेले दोष मोजायचे आणि दुरुस्त झालेले ‘क्लोज’ करायचे. क्लायंटने विचारलं, किती राहिले? तिने बोलायला म्यूट काढलं आणि नेमक्या त्याच क्षणी आतून सासूबाईंचा खणखणीत प्रश्न आला, “चार झाल्या गं, बंद करू का?” क्लायंटला काही कळलं नाही. टीममधल्या यच्चयावत मराठी पोरांनी पटापट कॅमेरे बंद केले. पुढे त्या टीममध्ये दोष क्लोज करायचा असला की ‘चार झाल्या’ म्हणायची पद्धतच पडली. मला विचाराल तर त्या कॉलमध्ये सासूबाई एकट्याच वेळेवर काम करत होत्या.

कोर्टांनी काय केलं हे बघणं उद्बोधक आहे, कारण तिथे मान राखण्याचे नियम लेखी असतात. एप्रिल २०२० मध्ये राजस्थान उच्च न्यायालयात एका जामीन अर्जाच्या सुनावणीला वकीलसाहेब बनियनवर हजर झाले. न्यायमूर्तींनी सुनावणी पुढे ढकलली. बनियन वकिलाची, खोळंबा अशिलाचा. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात एक वकील टी-शर्ट घालून पलंगावर पडल्यापडल्या उगवले. त्यांची माफी स्वीकारली गेली, पण समज मिळाली. त्याआधीच १३ मे रोजी त्याच न्यायालयाने कोट आणि गाऊन नको, पांढरा शर्ट किंवा पांढरी साडी नाहीतर सलवार-कमीझ आणि गळ्याला पांढरी पट्टी एवढं पुरे, अशी सूट दिली होती. सूट दिली म्हणजे किती घ्यायची याला आपल्याकडे अंत नसतो. २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या सुनावणीला एक पक्षकार शौचालयात बसून हजर होता. त्याला १ लाख रुपये जमा करायला लावले.

याच्या शेजारी टेक्सासचा प्रसंग ठेवून बघा. ९ फेब्रुवारी २०२१. वकील रॉड पाँटन सुनावणीला आले ते मांजराच्या पिल्लाच्या रूपात. संगणकावर कुणीतरी फिल्टर लावून ठेवला होता, तो निघेना. पिल्लू डोळे फिरवतंय आणि आतून माणूस काकुळतीला येऊन सांगतोय की मी हजर आहे, मी मांजर नाही. न्यायाधीश रॉय फर्ग्युसन रागावले नाहीत. आधी फिल्टर कसा काढायचा ते सांगितलं आणि नंतर तो व्हिडिओ स्वतःच लोकांपुढे ठेवला, सल्ल्यासकट, की तुमचा संगणक मुलांनी वापरला असेल तर आधी तपासून घ्या.

या दोन्हींत फरक आहे. एक, माणसावर ओढवलेलं. दुसरं, माणसाने स्वतः केलेलं. पलंगावर आडवं होऊन कोर्टात जाणं हा व्यत्यय नव्हे, हा आळस. तो आपल्यापैकी कुणीच कुकरच्या नावावर खपवू नये. आणि एक तिसरा प्रकारही असतो, बाहेरच्याने मुद्दाम घातलेला गोंधळ. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जूही चावला यांच्या फाइव्ह-जीविरोधी याचिकेची सुनावणी चालू असताना कुणीतरी त्यांच्याच चित्रपटांतली गाणी म्हणायला लागला. त्याला बाहेर काढलं की हा पुन्हा हजर. सुनावणीची लिंक समाजमाध्यमावर टाकली की दुसरं काय होणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लाज सगळ्यांना सारखी वाटत नाही. १ जुलै २०२० ला ब्रिटनमध्ये एकाच दिवशी दोन बायकांच्या थेट प्रक्षेपणात मुलं आली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या क्लेअर वेनहॅम बीबीसीवर साथीबद्दल बोलत होत्या आणि मागे त्यांची लेक, चित्र कुठल्या फळीवर ठेवावं याची खटपट करत होती. निवेदकाने तिचं नाव विचारलं, खालच्या फळीवर छान दिसेल असं मतही दिलं. त्यावर ती आईला विचारते, “ह्यांचं नाव काय?” बरोबरच आहे. आपल्या घरात बोलणाऱ्या परक्या माणसाचं नाव विचारायला नको? दुसरीकडे स्काय न्यूजच्या डेबोरा हेन्स परराष्ट्र धोरणावर बोलत असताना त्यांचा मुलगा दोन बिस्किटं मागायला आला. त्यांनी घाईघाईने दोन बिस्किटं कबूल केली आणि वाहिनीने प्रक्षेपण तिथून काढून घेतलं. पोराचा फायदा झाला. आईचं बोलणं अर्ध्यावर राहिलं.

आपल्याकडचे आकडे सांगते. सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या विनामोबदला कामात जात होती, पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली. कशी वाचली, घरातलं कोण सांगू शकेल? (हशा) तेव्हा दार वाजतं, कुरियर येतो, मूल पडतं, तेव्हा कोणाच्या मीटिंगचं दार आधी उघडतं हे गणित काही अवघड नाही. पुरुषाच्या मांडीवर लेक येऊन बसली की कॉलवरचे सगळे म्हणतात, किती गोड! तीच बाईच्या मांडीवर बसली की कुणीतरी मायेने विचारतं, घरी सांभाळायला कोणी नाही का? केलींच्या प्रसंगाची न्यूझीलंडच्या एका विनोदी कार्यक्रमाने नक्कल केली होती. त्यात बापाच्या जागी आई आहे. ती मुलाखत न थांबवता बाळाला दूध पाजते, ओव्हनमधलं बघते, शौचालय घासते, एक बाँब निकामी करते आणि शेवटी नवरा मोजा शोधत येतो, तोही देते. हसू येतं, पण पायमोज्यांवरून घसरत आलेली ती दुसरी बाईही आठवते, जिला आया ठरवलं होतं.

यावर कंपन्यांचा उपाय काय, तर पार्श्वभूमी धूसर करा. ही सोय कशी आली ठाऊक आहे? मायक्रोसॉफ्टमधल्या एका कर्णबधिर अभियंता बाईंना आईवडिलांशी व्हिडिओवर बोलताना त्यांच्या मागच्या उजेडामुळे ओठ वाचता येईनात. मागचं धूसर झालं तर चेहरा नीट दिसेल, म्हणून त्यांनी खटपट केली. आईबापांचे ओठ वाचता यावेत म्हणून जन्मलेली सोय आम्ही आईबापांना मागच्या मागे पुसायला वापरतो. वापरावी, मीही वापरते. पण ‘कॅमेरा चालू ठेवा, आणि मागे काही दिसता कामा नये’ अशी दुहेरी सक्ती करणारे साहेब मला पटत नाहीत. ज्याला बघायचंय त्याने जे दिसेल ते बघावं.

बाकी सावधगिरी थोडक्यात. म्यूटवर राहायचं आणि झूमवर बोलण्यापुरती स्पेसबारची कळ दाबून धरायची. सोडली की पुन्हा म्यूट. पडदा दाखवायचा तर अख्खा नको, लागणारी तेवढीच विंडो दाखवायची, नाहीतर आकडेवारीच्या तक्त्यावर कोपऱ्यात मातोश्रींचा मेसेज उमटतो, ‘त्या मेल्याने रजा दिली का गं?’ आणि तो मेला समोरच असतो.

प्रश्न असतील तर विचारा. हो, काका, बोला.

(श्रोत्यांतून: “सुनेची मीटिंग बरोबर अकराला असते. कुकर मी लावतो. तो कधी लावायचा?”)

तुम्ही लावता? आधी टाळ्या वाजवा मंडळी. काका, साडेदहाला लावा. किंवा सुनेला म्हणावं, मीटिंग साडेअकराला घ्या असं साहेबांना सांग. कारण अकराला तुम्हाला भूक लागते हे त्यांना माहीत नाही.

(“आणि साहेब नाही म्हणाले तर?”)

तर तूरडाळ तासभर आधी भिजत घाला. दोन शिट्ट्यांत होते.