ज्यू पंचांग: महिना अचूक, मग वर्ष का सरकतं?

नमस्कार. स्क्रीनवर एक आकडा आहे: २९ दिवस, १२ तास, ७९३ भाग. ज्यू पंचांगातलं एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचं हे सरासरी अंतर. तासाचे भाग १०८०, म्हणजे एक भाग साधारण ३.३ सेकंदांचा. आजच्या मोजमापाशी ताडलं, तर महिन्याला अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही.

लगेच ‘धर्मग्रंथात विज्ञान आधीच होतं’ असे मेसेज फिरतात. (आपल्याला काही नवीन नाही!) पण हाच आकडा बाबिलोनच्या ज्योतिर्विदांकडे होता, ग्रीक खगोलतज्ज्ञ टॉलेमीनंही तो दिलाय. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित (रब्बी) मायमोनिडीझ यांना यात काहीच खटकलं नाही. सिद्धता पक्की असेल, तर गणित संदेष्ट्यांचं की परक्यांचं, यानं फरक पडत नाही, असं त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथातच लिहिलंय.

स्वतः करून बघा. चालू महिन्याच्या ‘मोलाद’मध्ये (म्हणजे गणितानं काढलेल्या अमावास्येच्या क्षणात) १ दिवस, १२ तास, ७९३ भाग मिळवा (पूर्ण चार आठवडे सोडून दिलेत). पुढच्या मोलादचा वार आणि वेळ मिळते. ॲपशी जुळत नाही? मोलाद सरासरी आहे. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे खरी अमावास्या तेरा-चौदा तासही मागेपुढे होते. शिवाय मोलाद जेरुसलेमच्या स्थानिक वेळेत असतो, इस्रायलच्या प्रमाणवेळेपेक्षा (उन्हाळी वेळ नसताना) सुमारे २१ मिनिटं पुढे.

खरी गोची वर्षात आहे. १९ वर्षांत ७ अधिक महिने. आपला अधिक मास सूर्याच्या संक्रांतीवरून ठरतो, त्यांचा मात्र ठरलेल्या वर्षीच येतो: ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९. त्यातून सरासरी वर्ष ३६५.२४६८ दिवसांचं होतं, ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२. सुमारे २१६ वर्षांत एक दिवस सरकतो. (आपलं निरयन पंचांग तर याहून भराभर सरकतं.)

पासोव्हर हा ज्यूंचा पौर्णिमेचा सण वसंतात यावा, ही तोराची (त्यांच्या धर्मग्रंथाची) आज्ञा. २०२४ मध्ये वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा २५ मार्चला झाली, पासोव्हर मात्र २३ एप्रिलला.

गणितानं उपाय सोपा: अशा उशिराच्या वर्षाचा (२०२४ हे १९ वर्षांच्या चक्रातलं आठवं) अधिक महिना पुढच्या वर्षात ढकला. पण ढकलणार कोण? तो अधिकार परंपरेनं दीक्षा मिळालेल्या न्यायसभेचा, आणि ती दीक्षेची साखळी कधीच तुटली. १५३८ मध्ये आजच्या इस्रायलमधल्या त्सफात (सफेद) गावात रब्बी याकोव बेराव यांनी ती पुन्हा जोडायचा प्रयत्न केला. जेरुसलेमच्या लेवी इब्न हबीब यांनी कडाडून विरोध केला आणि बेत फसला.

पासोव्हर असाच महिनाभर उशिरा येणार आहे २०२७ मध्ये. पौर्णिमा २२ मार्चला, सण २२ एप्रिलला.