दारू सुटेपर्यंत घरच्यांनी राहायचे कुठे?

नमस्कार. व्यसनमुक्तीचा विषय निघाला की बोलणे पिणाऱ्या माणसावरच येते: तो केव्हापासून पितो, किती पितो, केंद्रात दाखल होईल का, झाला तर सुटेल का. आजच्या व्हिडिओत मी त्याच्याविषयी थोडेच बोलणार आहे. त्याच्याबरोबर राहणारी बायको, मुले आणि बहुतेक घरांत असणारी म्हातारी आई यांच्या डोक्यावरचे छप्पर कसे जाते आणि ते टिकावे म्हणून चाळीतल्या, वस्तीतल्या शेजाऱ्यांना नेमके काय करता येते, ते मला सांगायचे आहे.

पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब घ्या. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि त्यावर नाव एकट्या नवऱ्याचे असते. डिपॉझिट मात्र बायकोचे दागिने गहाण ठेवून किंवा बचत गटाचे कर्ज काढून उभे केलेले असते. पिणे वाढले, खाडे वाढले आणि भाडे थकू लागले, तरी घरमालक लगेच बाहेर काढत नाही. तो थकलेली रक्कम डिपॉझिटमधून वळती करून घेत राहतो. हे घरमालकाला ठाऊक असते, नवऱ्याला ठाऊक असते, बायकोला मात्र कुणी सांगितलेले नसते, आणि ती बिचारी अडीनडीला तेवढी रक्कम तरी आहे या भरवशावर असते. खोली रिकामी करण्याचा निरोप येतो त्या दिवशी दुसरी खोली घ्यायला हातात काहीच उरलेले नसते. मग काही दिवस माहेरी, तिथे भावाच्या संसारात अडचण होऊ लागली की कुणा ओळखीच्याच्या पोटमाळ्यावर, आणि तेही संपले की पुलाखाली किंवा फलाटावर, असा हा उतार आहे. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 73 हजार बेघर माणसे नोंदली गेली, पण माहेरी किंवा पोटमाळ्यावर उपऱ्यासारखे दिवस काढणारी कुटुंबे त्या आकड्यात येत नाहीत.

या उतारावर शेजाऱ्यांनी हात द्यायचा तो पहिल्या पायरीवरच. घरमालक आपल्या ओळखीचा असेल तर भाडे थकल्याचे बायकोच्या कानावर घालण्याची गळ त्याला घालावी, आणि करार नवा होताना त्यावर दोघांची नावे यावीत असा आग्रह धरावा. मदत करायची तर ती रोख देऊ नये. थेट घरमालकाकडे, किराणा दुकानाच्या खात्यावर किंवा शाळेत भरावी. रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले आणि भाडेकरार यांचा एक संच विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवलेला असावा. घरातून रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बाईला पुढचे कित्येक महिने याच कागदांवाचून हेलपाटे घालावे लागतात.

इथे माझे एक स्पष्ट मत आहे. “आधी तो सुधारू दे, मग बघू,” हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते आणि ते अन्यायाचे आहे. पिणे हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, उपचारानंतरही तो उलटू शकतो, आणि तेवढ्या काळात मुले मोठी होतात. घरच्यांना द्यायचा आधार पिणाऱ्याच्या सुधारण्यावर टांगून ठेवता येणार नाही.

मदतीच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या दोन गोष्टी मात्र थांबवायला हव्यात. एक म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू एकदम तोडणे. अशा माणसाला पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरी गोष्ट म्हणजे “रुग्णाच्या नकळत दारू सोडवा” अशा जाहिराती पाहून जेवणातून औषध घालणे. त्यातल्या काही औषधांची दारूशी तीव्र प्रतिक्रिया होते, रक्तदाब कोसळतो, आणि ज्याला काही सांगितलेलेच नाही तो माणूस नेहमीसारखा गुत्त्यावर जाऊन बसतो.

आता घरच्यांच्या मनाचे काय? पुण्यात येरवड्याला 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या पाठबळावर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. रुग्णाच्या बायकोला स्वतंत्र आधार लागतो, हे या केंद्राने ओळखले आणि ‘सहचरी’ या नावाने बायकांचा गट चालवला. मला हे काम मुख्य उपचाराइतकेच मोलाचे वाटते. अशा गटात बसलेली बाई पहिल्यांदाच मोठ्याने सांगते की नवरा आजारी असल्याचा खोटा फोन कामावर तीच करत आली आहे, त्याची उधारी तीच फेडत आली आहे. आणि समोरच्या चौघीजणी मान डोलावतात, कारण त्यांनीही तेच केलेले असते. अमेरिकेत 1951 साली लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या अल-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या संघटनेच्या सभा आपल्याकडेही भरतात. हा आजार आपल्यामुळे झालेला नाही, तो आपल्याला आवरता येत नाही आणि बराही करता येत नाही, हे तिथे पुनःपुन्हा सांगितले जाते. “तूच सांभाळून घ्यायला कमी पडलीस,” असे वर्षानुवर्षे सासरी ऐकलेल्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार करून पाहा.

आता कायद्याकडे वळू, कारण शेजारपाजारची मदत एका मर्यादेपलीकडे जात नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग ते घर मालकीचे असो की भाड्याचे आणि त्यावर तिचे नाव असो वा नसो. घर विकू नये असा मनाई आदेश न्यायालय नवऱ्याला देऊ शकते, त्याला घराबाहेर राहायला सांगू शकते किंवा दुसऱ्या घराचे भाडे भरायला लावू शकते. सासऱ्यांच्या मालकीचे घरही या व्याख्येत येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मात्र हे आदेश कुटुंबातल्या माणसांवर असतात, घरमालकावर नाही. भाड्याची खोली थकबाकीमुळे जात असेल तर हा कायदा तेवढ्यापुरता अपुरा पडतो. अर्ज करायला या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. त्याशिवाय मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी 1984 मध्ये सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आज राज्यात अनेक ठिकाणी आहेत. पोलिसांशी थेट बोलायला घाबरणाऱ्या बाईला तिथे समाजकार्यकर्त्याशी बोलता येते.

छप्पर गेलेच तर? लाखाच्या लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय असलेला, वर्षभर चोवीस तास उघडा निवारा शहरांनी चालवावा, असा दंडक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज्यांना त्याबाबत खडसावले होते. सरकारच्या निवारा योजनेत कुटुंबांसाठी वेगळे निवारे धरलेले आहेत, तरी प्रत्यक्षात एकट्या पुरुषांसाठीची सोय अधिक आढळते, आणि महिलांच्या निवाऱ्यात वयात आलेल्या मुलाला अनेक ठिकाणी घेत नाहीत. मुलाला एकटे सोडायचे की त्याच्यासोबत फुटपाथवर राहायचे, हा पेच आईपुढे उभा राहतो. आपल्या महापालिकेचा कुटुंब निवारा कुठे आहे, हे नगरसेवकाला विचारायला हरकत नाही.

मुलांची शाळा मात्र कोणत्याही परिस्थितीत सुटू देऊ नका. शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही किंवा वर्ष अर्ध्यावर आले आहे, या कारणांनी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांकडे आईसोबत एखादा शेजारी गेला, तर काम लवकर होते.

आणि तो माणूस पाच आठवड्यांचे उपचार घेऊन परत येतो, तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहू नका, पण हळदीला, वरातीला “आजच्या दिवस घे रे,” असा आग्रहही करू नका. पगाराच्या दिवशी त्याच्यासोबत घरापर्यंत चालत येणारा एखादा न पिणारा सहकारी मिळाला, तर ती मोठी मदत ठरते.

(पडद्यावर: व्यसनमुक्ती मदतवाहिनी 14446. महिलांसाठी 181. मुलांसाठी 1098.)

पडद्यावरचे क्रमांक उतरवून घ्या आणि चाळीच्या जिन्याजवळ, पाण्याच्या नळापाशी, जिथे बायका एकट्या थांबतात तिथे लावा.