उलटं बेळगाव

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी बेळगावच्या एका कलादालनात लोकांना चित्रं दाखवायला जाते. शनिवार-रविवार दोन-दोन तास. पगार नाही, चहा मिळतो. तैलचित्रांपुढं उभं राहून मी भरपूर बोलायची. गेल्या पावसाळ्यात मात्र छापचित्रांचं प्रदर्शन लागलं आणि पहिल्याच दिवशी खानापूरकडच्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, हे छापील हाय न्हवं? मग चित्र कशाला म्हणायचं ह्याला?"

मी नुसतीच हसले. उत्तर कुठं येत होतं!

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्या देवघरातली लक्ष्मी छापीलच की. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तिथं तैलचित्र समोर ठेवून कारागीर एकेका रंगासाठी छपाईचा वेगळा दगड तयार करत. ती झाली चित्राची नक्कल. छापचित्राचं तसं नाही. चित्रकार पत्र्यावर किंवा लाकडावरच चित्र घडवतो, त्याआधीचं 'मूळ' असं दुसरं काही नसतं. म्हणून प्रत्येक प्रत अस्सल. खाली पेन्सिलीनं ३/२० लिहिलेलं असतं, म्हणजे वीस प्रतींतली तिसरी.

हे मला नंतर कळलं. आम्हा सगळ्या मार्गदर्शकांना एका चित्रकारानं तीन रविवार बसवून शिकवलं. एचिंग त्यांनी करून दाखवलं: पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईनं तो खरवडून रेघा काढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथं मेण निघालं तिथंच आम्ल पत्रा खातं. मग शाई चोळायची आणि जाळीच्या कापडानं पुसायची. रेघांत तेवढी उरते. ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून काढला, की कागद त्या रेघांत शिरून शाई उचलतो. म्हणूनच चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट उमटते. आता मी लोकांना आधी तीच दाखवते. तिरप्या उजेडात छान दिसते. स्क्रीन प्रिंट, म्हणजे जाळीतून शाई दाबून उमटवलेलं चित्र, समजावायला रांगोळीची भोकं पाडलेली चाळणी पुरते, बायका लगेच "हात्तिच्या!" म्हणतात.

आम्हाला करायला दिलं लिनो, म्हणजे कोरायला मऊ असं लिनोलियम. एवढासा तुकडा, कोरायची पाती आणि छापायला चमच्याची पाठ. मी हौसेनं 'बेळगाव' कोरलं. कागद उचलला तर 'व' पहिला आणि 'बे' शेवटी! शेजारच्या बाईंनी कन्नडमध्ये कोरलं होतं, त्यांचंही तेच. आमच्या गावात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून किती वाद. आमच्या दोघींच्या पाट्या कुठल्याच भाषेत वाचता येईनात. दोघीही पोट धरून हसलो.

मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. पूर्वी कधीतरी नुसती माहिती म्हणून मी ते वाचलं होतं. त्या दिवशी माझ्या एका शब्दाची ही गत झाल्यावर त्या कारागिराची आठवण झाली. अठरा अध्याय, आणि सगळे उलटे!

पुढच्या रविवारी आरसा न घेता, नुसत्या अंदाजानं मी उलटं 'बेळगाव' कोरलं. सुरेख छापलं गेलं. तो लिनोचा तुकडा आणि प्रत मी टेबलावर मांडून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होते.

महिन्याभरानं एक आजोबा आले. जन्मभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवलेले. त्यांनी छापलेल्या कागदाकडं बघितलंही नाही. लिनो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि आपण पेपर वाचतो तसा सरळ वाचला. मग बोट ठेवून म्हणाले, "बाई, 'ळ' उलटा करायचा ऱ्हायला की."

दोन्हीकडून सारखाच दिसतो म्हणून मी तो तसाच ठेवला होता. महिनाभर एकालाही दिसलं नव्हतं.